संगणक घरात आला, पण उघडला कुणाच्या नावानं?

गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं. लाइटबिल कुणाच्या नावानं येतं, रेशनकार्डावर पहिलं नाव कुणाचं, बँकेतला लॉकर कोणाकोणाच्या सहीनं उघडतो, हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. मग मैत्रिणींनो, हॉलच्या कोपऱ्यात तो संगणक येऊन बसला आहे ना, तो कुणाच्या नावानं उघडला आहे, याची कधी चौकशी केलीत?

"दुकानातल्या मुलानं लावून दिला," हे ठरलेलं उत्तर. मुलगा येतो, खोका फोडतो, वायरी जोडतो आणि तासाभरात "झालं काकू" म्हणून चहा पिऊन जातो. चहा जरूर द्या. पण त्या तासाभरात शेजारी खुर्ची घेऊन बसा. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून आपल्यापैकी कितीजणींनी ते प्रमाणपत्र मिळवलं! पण वर्गात मशीन आधीच मांडलेलं असायचं. मांडायचं कसं, हे राहूनच गेलं.

जोडणी खरं तर सोपी. प्रत्येक वायरीचं तोंड ज्याच्या त्याच्या खाचेतच बसतं. मिक्सरचं भांडं बसवता येतं तिला हेही येतं. फक्त जागा विचारपूर्वक निवडा. पनवेलचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुन्या घरांतून पश्चिमेच्या भिंतीला जुलैत हात लावला तर ओला होतो. तेव्हा त्या भिंतीला चिकटून संगणक नको. मागे वीतभर मोकळी जागा हवी. ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो डबा जमिनीवर ठेवू नका, फरशी पुसताना पाणी जातं. पावसाळ्यात तो रोज थोडा वेळ चालू ठेवला तर आतला दमटपणाही निघतो. आणि क्रोशाचं सुंदर कव्हर विणलं असेल, तर ते मशीन बंद झाल्यावरच घाला. चालू डब्याला घातलं, तर त्याचा श्वास कोंडतो.

यूपीएस घ्याच. वीज गेली की हातातलं काम जपून ठेवून संगणक नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं मिळाली, की पुरे. त्यावर टीव्ही, पंखा लावून तो रडवू नका. प्लग तीन पिनांचाच हवा आणि अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

आता खरी गोष्ट. नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला, की विंडोज एकेक प्रश्न विचारते: देश कोणता, कीबोर्ड कोणता, वाय-फाय कुठलं. मग विचारते, तुमचं मायक्रोसॉफ्टचं खातं कुठलं? घाईत असलेला मुलगा इथे पटकन स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल घालून मोकळा होऊ शकतो. त्याच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. तुमचा पासवर्ड, तुमच्या फोनवरचा ओटीपी, एवढं थांबायला त्याला वेळ नसतो. पण घराची चावी मात्र त्याच्या खिशात गेली!

कशी, ते ऐका. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या संगणकांत आतली सगळी माहिती आपोआप कुलूपबंद होते. चोरानं मशीन नेलं तरी आतलं वाचता येऊ नये, म्हणून ही सोय. या कुलपाची एक ४८ आकडी किल्ली असते, आणि ती ज्याच्या खात्यानं संगणक उघडला त्याच्या खात्यात जाऊन बसते. रोजच्या कामात ती लागत नाही. पण एखादा भाग बदलला, मोठी दुरुस्ती झाली, की पडद्यावर निळी पाटी येते: किल्ली सांगा. त्या वेळी दुकान बंद झालेलं असेल, मुलगा नोकरी सोडून गेला असेल, तर तुमचे नातवाचे फोटो, क्लासच्या फियांचा हिशेब, सोसायटीची कागदपत्रं, सारं आतच राहतं. कंपनीलाही ते उघडता येत नाही.

म्हणून खातं तुमचं, फोन नंबर तुमचा, पासवर्डही तुम्ही स्वतः टाइप केलेला. किल्ली त्या खात्यात दिसते. ती वहीत उतरवून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा. संगणकावरचं पहिलं खातं कारभारी असतं. नवं सॉफ्टवेअर घालणं, काढणं त्याच्या हाती. मुलांना वेगळं, साधं खातं करून द्या, म्हणजे खेळाच्या नादात ती काहीबाही उतरवून घेणार नाहीत. यजमानांनाही वेगळं दिलंत तर उत्तम! "घरात कसली आलीत वेगळी खाती?" असं सासूबाई म्हणतील. त्यांना कपाटातले कप्पे दाखवा.

आता "विंडोज मी फुकट टाकून देतो" या वाक्याबद्दल. खऱ्या विंडोजला काही हजार रुपये पडतात, म्हणून ही चोरटी प्रत मोहात पाडते. पण ती चालू करण्यासाठी जे उपद्व्यापी सॉफ्टवेअर वापरतात, ते बहुधा आधी व्हायरसचा पहारेकरी बंद करायला सांगतं. पहारेकऱ्याला झोपवून आत कोण शिरलं, हे कुणी पाहिलंय? त्याच संगणकावर तुम्ही बँकेचं खातं उघडणार. तेव्हा बिलावर विंडोजचा उल्लेख मागा. परवडत नसेल तर लिनक्स आहे. ती रीतसर फुकट असते. आपल्या सी-डॅकनं बॉस नावाची भारतीय लिनक्सही काढली आहे. पत्रं आणि हिशेबासाठी लिबरऑफिसही तसंच फुकट, आणि घरगुती कामाला भरपूर होतं.

जुना संगणक घेणाऱ्यांनी एवढं बघा. नवी मुंबईतल्या ऑफिसांतून निघालेली मशिनं स्वस्तात मिळतात, पण विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. लॅमिंग्टन रोडला जायला पनवेलहून लोकलनं अर्धा दिवस मोडतो, तेव्हा हा प्रश्न आधी फोनवरच विचारून घ्या.

मुलगा निघण्यापूर्वी आणखी एक विचारा: दुरून संगणक हाताळायचं एखादं सॉफ्टवेअर ठेवलं आहे का? "पुढे सर्व्हिसला सोपं पडतं" म्हणून ते ठेवून जातात. काढायला लावा, गरज पडेल तेव्हा पुन्हा घालता येतं. आणि "तुमच्या संगणकात व्हायरस आहे" असा कुणाचा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. मग विंडोजची खूण असलेलं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले, की भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट शिकायला आठवडा लागतो, पण तिची मांडणी शहाणी आहे: स्वर डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या. के वर क, सी वर म, शिफ्ट धरून एन वर ळ. झालं की कमळ! इंग्रजी स्पेलिंगनं लिहायची सवय असेल त्यांना फोनेटिक कीबोर्डही आहे.

संगणक आधीच दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर? आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग सेटिंग्जमध्ये जाऊन तुमच्या नावाचं खातं उघडा, त्याला कारभारी करा आणि त्यातूनच आत शिरा. डिव्हाइस एन्क्रिप्शन असं जिथे लिहिलं असेल ते बंद करा. माहिती मोकळी व्हायला बराच वेळ लागतो, तेवढ्यात भाजी निवडून होते. पुन्हा सुरू केलं की नवी किल्ली तयार होते आणि ती तुमच्या खात्यात येते. ती दिसली, वहीत उतरवली, की मगच जुनं खातं काढून टाका.