बंदुकीचा चाप

नेम डोळा धरतो, पण बिघडवितें बोट. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल-स्पर्धेंत कडेवर टोला बसून पेटणारें ०.२२ इंची काडतूस वापरतात. निशाणावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद! कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ह्याच प्रकारांत कांस्यपदक मिळविलें.

ताणलेला घोडा आंत एका खिळीनें अडविलेला असतो. चाप ओढतांच ती सरकते व बार होतो. खीळ खरखरीत असली, कीं जोर लागतो आणि नळी हलते. म्हणून कुशल कारागीर तिचा काठ गुळगुळीत करतो, हलकी स्प्रिंग बसवितो, किंवा सारा संचच बदलतो. हें काम घरीं करूं नये, असें आम्ही बजावितों. खिळीची पकड फार कमी झाली, तर नुसत्या धक्क्यानेंही बार उडतो. बंदूक परत देण्यापूर्वीं कारागीर ती रिकामी असतां तिचा दस्ता जमिनीवर आपटून पाहतो, तो ह्याचसाठीं.