डॉक्टर होण्याआधीची दोन वर्षे



मी आदिवासी मुलामुलींच्या वसतिगृहाचे काम पाहते. "आपली मुले डॉक्टर का होत नाहीत?" असे सभासद मला नेहमी विचारतात. त्यांची अकरावी-बारावी कशी जाते ते सांगते.

अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग वैद्यकीय शिक्षण. आपल्याकडे बारावीनंतर थेट 'नीट' परीक्षा. तीन तासांत १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकले तर १ जातो. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक व रसायनशास्त्राचे.

मुले पहाटे पाचला उठतात. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, रात्री प्रश्नसंच. रविवारी सराव परीक्षा. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या मुलाला याहून अवघड जाते ती भाषा. घरी पावरी किंवा भिलोरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तके. नीट मराठीतूनही देता येते, पण अभ्यासाचे बहुतेक साहित्य इंग्रजीत असते. पहिले काही महिने शब्द समजण्यातच जातात.

दुसरी परीक्षा कागदांची. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी वडील-आजोबांचे जुने पुरावे मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर जमिनीचे, गावचे जुने कागद शोधावे लागतात. रावेर-यावलच्या केळीबागांत रोजाने जाणाऱ्या आईबापांची त्यात कितीतरी रोजंदारी बुडते. म्हणून हा अर्ज अकरावीतच करायला हवा.

जागा तरी किती? शंभर जागांच्या शासकीय महाविद्यालयात १५ जागा अखिल भारतीय कोट्याला जातात. उरलेल्या ८५ पैकी अनुसूचित जमातींना ७ टक्के, म्हणजे सहाच्या आसपास. त्यामुळे पहिल्या वेळी प्रवेश हुकला म्हणजे मूल कच्चे, असे समजू नका. शहरातली कितीतरी मुले एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देतात. त्यांच्या घरी ते परवडते. आमच्या मुलाला मात्र बारावी संपताच वसतिगृहातली जागा सोडावी लागते. तो गावी जातो, कामाला लागतो आणि पुस्तके मिटतात.

धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे. जळगावचे २०१८ मध्ये सुरू झाले, नंदुरबारचे २०२० मध्ये. कॉलेजे जवळ आली. पाड्यावरून तिथपर्यंतची वाट अजून लांबच आहे. दवाखान्यात पावरा बाई आपले दुखणे खुणांनी सांगते, तेव्हा तिची भाषा जाणणारा डॉक्टर का हवा हे कळते.

आपल्याला मदत करायची असेल, तर पुन्हा परीक्षा देणाऱ्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या वर्षभराच्या राहण्या-जेवणाचा भार उचला. आणि आपल्यापैकी कोणी महसूल खात्यात किंवा शाळेत काम केले असेल, तर जुने दाखले शोधायला आमच्या पालकांबरोबर एक दिवस चला. आम्हाला त्याचीही तितकीच गरज आहे.