मदत करावी की दूर राहावे?

परग्रहावरचे लोक पृथ्वीवर उतरतात, अशा कथा विद्यार्थी आवडीने वाचतात. हाच प्रश्न जरा उलटा करून पाहू. समजा, उद्या माणूसच एखाद्या दूरच्या ग्रहावर पोचला आणि तेथील लोक अजून दगडाची हत्यारे वापरत असले, तर त्यांच्याशी कसे वागावे? त्यांना औषधे, लोखंड, वीज द्यावी, की दुरून पाहून परत फिरावे?

विज्ञानकथेत हा प्रश्न आला तो इतिहासातून. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात. पण त्यांना क्रूर ठरवण्याआधी युरोपीय लोकांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवा, असे वेल्स सुरुवातीलाच बजावतात.

१९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने या जाणिवेला नियमाचे रूप दिले. त्यातील अंतराळवीरांवर एक बंधन असते : परक्या संस्कृतीच्या स्वाभाविक वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही. याला ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ म्हणतात. नियमामागची कारणे सरळ आहेत. एक, बाहेरून आयते मिळालेले तंत्रज्ञान पचवण्याची समाजाची तयारी नसते. दोन, मदतीचे परिणाम कोठवर जातील हे मदत करणाऱ्याला आधी कळत नाही. आणि तीन, बलवानाच्या परोपकाराआड स्वार्थ लपू शकतो. १९६८ च्या एका भागात शत्रुपक्ष एका टोळीला बंदुका पुरवतो, म्हणून कॅप्टन कर्क दुसऱ्या टोळीलाही तशाच बंदुका देतो. समतोल साधतो, पण शांत ग्रहावर युद्ध मुरते. तेव्हा व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. त्यामुळे प्रेक्षकांना रोख समजायला वेळ लागला नसावा.

मग नियम पाळला की प्रश्न सुटला का? नाही. याच मालिकेच्या पुढच्या पर्वात, १९८९ च्या एका भागात, भूगर्भातील उलथापालथीमुळे एक ग्रह फुटण्याच्या बेतात असतो. तेथील एका लहान मुलीची रेडिओवरची हाक यानापर्यंत पोचते. नियमाप्रमाणे गप्प बसायचे, तर सगळे मरणार. अधिकाऱ्यांचा बराच खल होतो. पण तिचा आवाज प्रत्यक्ष कानी पडल्यावर कॅप्टन मदतीचा निर्णय घेतो. ज्या वाटचालीला धक्का लावायचा नाही, ती वाटचालच संपणार असेल, तर नियमाला अर्थ काय उरला?

सोव्हिएत लेखक अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंनी ‘हार्ड टू बी अ गॉड’ (१९६४) या कादंबरीत याहून कठीण पेच मांडला. पृथ्वीवरचा एक निरीक्षक मध्ययुगीन अवस्थेतील ग्रहावर सरदाराच्या वेषात राहतो. तेथे शिकलेल्यांना वेचून मारले जात असते. त्याने फक्त पाहायचे असते. तो काही जणांना लपूनछपून वाचवतो. पण शेवटी त्याचा संयम सुटतो आणि तो तलवार उपसतो. नुसते पाहत राहणाऱ्यावरही जबाबदारी येते, हे येथे उमगते.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. अंदमानात १८५८ मध्ये ब्रिटिशांची कायम वसाहत झाली. पुढे गोवरासारख्या साथींनी, ज्यांच्याविरुद्ध तेथील लोकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती, हजारोंच्या संख्येतील ग्रेट अंदमानी जमात काही डझनांवर आली. उत्तर सेंटिनेल बेटावरच्या लोकांनी १९९१ मध्ये मानवशास्त्रज्ञांच्या हातून नारळ स्वीकारले होते. तरीही भारत सरकारने नंतर अशा भेटी थांबवल्या. आज धोरण आहे ते दुरून लक्ष ठेवण्याचे, हात न लावण्याचे. २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीसाठी गेलेल्या हेलिकॉप्टरवर तेथील माणसाने बाण रोखला. त्यातून एवढे कळले, की ते जिवंत आहेत आणि त्यांना आपण नको आहोत.

येथे ‘मागासलेले’ हा शब्दही तपासायला हवा. हे लोक किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचे लोखंड काढून बाणांची पाती घडवतात. ते आपल्याच काळात जगतात, फक्त वेगळ्या रीतीने. सर्व समाज एकाच जिन्याच्या पायऱ्या चढत आहेत आणि आपण वरच्या पायरीवर आहोत, हे गृहीत धरले की हस्तक्षेपही सोपा वाटतो आणि ‘त्यांना शिकू द्या’ हा मोठेपणाही.

कथेतली मुलगी मदत मागते; सेंटिनेली बाण रोखतात. दोघांच्या बाबतीत निर्णय वेगळा येतो, पण कसोटी एकच : त्यांचे स्वतःचे म्हणणे काय आहे? वर्गात ही चर्चा घेताना विद्यार्थ्यांचे दोन गट पाडावेत आणि एक अवघड प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. ज्यांना आपण आहोत हेच ठाऊक नाही, त्यांचे म्हणणे कळणार कसे? आणि कळेपर्यंत साथ पसरत असेल तर?