साखरेऐवजी गोड गोळी : उपयोग आणि मर्यादा

"साखर बंद केली आहे, आता चहात गोड गोळी टाकली तर चालेल ना?" हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेही रुग्ण वारंवार विचारतात. देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वर्तविण्यात आला. त्यामुळे या प्रश्नाचे नेमके उत्तर घरोघरी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सॅकरिन (१८७९), ॲस्पार्टेम (१९६५) आणि सुक्रालोज (१९७६) या तिन्ही पदार्थांची गोडी प्रयोगशाळेत योगायोगानेच लक्षात आली. ते साखरेपेक्षा अनुक्रमे सुमारे ३००, २०० व ६०० पट गोड असल्याने कणभर पुरतात व रक्तशर्करा वाढवीत नाहीत. दिवसाकाठी चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर घेणाऱ्याच्या सुमारे १६० कॅलरी त्यामुळे वाचतात. ॲस्पार्टेमची गोडी उकळल्याने कमी होते. म्हणून गोळी चहा गाळल्यावर घालावी. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम वर्ज्य करावे.

ॲस्पार्टेममुळे कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२३ मध्ये नमूद केले. मात्र त्याबाबतचा पुरावा मर्यादित आहे. दररोज शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. केवळ वजन घटविण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असेही संघटनेने त्याच वर्षी सुचविले. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

तथापि गोळी चहातील साखरेची जागा घेते, पथ्याची नव्हे. 'शुगर फ्री' पेढ्यात खवा असतोच. उकडीच्या मोदकाच्या सारणात साखर नसली तरी पारी तांदळाचीच असते. आपल्या पनवेल परिसरात भात हे रोजचे अन्न. त्याचे प्रमाण न सांभाळता केवळ चहा बदलून भागत नाही. गूळ आणि मधही रक्तशर्करा वाढवितातच.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी देत आहोत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा अचानक उतरल्यास घाम, थरथर, भूक व गोंधळलेपणा जाणवतो. अशा वेळी गोड गोळी निरुपयोगी ठरते. तेथे खरी साखरच हवी! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी आणि १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्यास त्वरित रुग्णालयात आणावे. म्हणूनच मधुमेह्याच्या घरातून साखरेचा डबा पूर्णपणे हद्दपार करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.