‘बॅकग्राउंड’ : एक शब्द, अनेक अर्थ

दोन साधे शब्द जोडून तिसऱ्याच अर्थाचा शब्द घडविण्याची रीत इंग्रजीत फार जुनी आहे. ‘बॅक’ म्हणजे मागचा आणि ‘ग्राउंड’ म्हणजे जमीन. या दोहोंपासून झालेला ‘बॅकग्राउंड’ हा सामासिक शब्द आता मराठी बोलण्यातही रुळला आहे. त्याच्या विविध अर्थच्छटांचा विद्यार्थ्यांना परिचय व्हावा, या हेतूने आम्ही हे टिपण लिहीत आहोत.

चित्रकलेत मुख्य आकृतीच्या मागे दिसणारा भाग म्हणजे बॅकग्राउंड. लिओनार्दोच्या ‘मोनालिसा’मध्ये त्या स्त्रीच्या मागे नागमोडी वाट, पाणी आणि डोंगर दिसतात, ते तिचे बॅकग्राउंड होय. मराठीने यासाठी ‘पार्श्वभूमी’ हा शब्द स्वीकारला. वास्तविक ‘पार्श्व’ म्हणजे कूस किंवा बाजू. हिंदीतील ‘पृष्ठभूमि’ हा शब्द मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे. चित्रपटातील ‘बॅकग्राउंड म्युझिक’ला आपण पार्श्वसंगीत म्हणतो. ‘पार्श्वगायन’ मात्र ‘प्लेबॅक’ या निराळ्याच इंग्रजी शब्दासाठी योजलेले आहे. संगणकावर एखादे काम ‘बॅकग्राउंडला’ चालते, तेव्हा ते पडद्यावर दिसत नसले तरी थांबलेले नसते.

विज्ञानातील उदाहरण विशेष उद्बोधक आहे. १९६४ साली अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात एक सूक्ष्म खरखर सतत आढळू लागली. अँटेनातील कबुतरांची विष्ठा साफ करूनही ती जाईना. आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे ते प्रारण विश्वाच्या आरंभकाळातील असल्याचे पुढे स्पष्ट झाले. या ‘बॅकग्राउंड’ प्रारणाच्या शोधासाठी दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अडथळा म्हणून जे दूर सारायचे होते, तेच महत्त्वाचे ठरले.

अर्जात आणि मुलाखतीत हा शब्द माणसाला लागू होतो. ‘एज्युकेशनल बॅकग्राउंड’ म्हणजे आजवरचे शिक्षण; ‘फॅमिली बॅकग्राउंड’ म्हणजे घरची माहिती; ‘बॅकग्राउंड चेक’ म्हणजे नोकरीपूर्वीची पडताळणी. परंतु आपल्या समाजात “तुमचे बॅकग्राउंड काय?” या प्रश्नाआडून पुष्कळदा जात विचारली जाते. वसतिगृहातून महाविद्यालयात जाणाऱ्या आमच्या मुलामुलींना हा अनुभव येतो, आणि इंग्रजी शब्दाच्या सभ्य आवरणामुळे प्रश्नाचा रोख चटकन उमगत नाही.

अशा वेळी गोंधळून जाण्याचे कारण नाही. शिक्षणाविषयी विचारले असेल तर शिक्षण सांगावे. घराविषयी विचारले असेल तर आईवडिलांचे कष्ट संकोच न बाळगता सांगावेत. शेतमजुरी करून मुलांना शाळेत धाडणे ही लपविण्याची गोष्ट नव्हे. केवळ जातच हवी असेल, तर “आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे?” असे नम्रपणे विचारावे. शब्दाचे सर्व अर्थ ठाऊक असले, म्हणजे हा प्रतिप्रश्न करण्याचे धैर्य येते. भाषेच्या अभ्यासाचा हा उपयोग आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावा.