मतदानाचा वार बदलून काय साधेल?

मतदान सोमवारी आले की शहरी माणूस जोडसुट्टी साधतो, म्हणून २०२४ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक आयोगाने मुद्दाम बुधवारी ठेवली. २०१९ साली सोमवारी सुमारे ६१ टक्के मतदान झाले होते. ते ६६ टक्क्यांवर गेले. अर्थात हे श्रेय एकट्या बुधवारचे नव्हे. चुरस आणि प्रचार यांचाही त्यात वाटा असतो.

कायद्याने रोजंदारी मजुरालाही मतदानादिवशी पगारी सुट्टी आहे. पण माझे आईवडील ऊसतोडीला जातात. नाव गावच्या यादीत, कोयता परजिल्ह्यातल्या फडात! एसटीचे भाडे आणि मुकादमाची उचल यांना वार कळत नाही. सीमेवरच्या सैनिकाला टपालाने मत देता येते. मग फडातल्या मजुराला का नसावे? मित्रहो, वार बदलून जोडसुट्टीवाला थांबेल. पोटासाठी गाव सोडलेल्याकडे मतदानच न्यावे लागेल.