जुन्या स्पोर्ट्‌स कारचे दिवे मंद का पडतात, ते पुन्हा उजळ कसे होतात?

साठ-सत्तरच्या दशकांतील स्पोर्ट्‌स कार आजच्या रस्त्यावर उतरते, तेव्हा तिचा मालक बहुधा इंजिन आणि ब्रेक यांची काळजी वाहतो. प्रत्यक्षात मोठा धोका असतो तो ती इतरांना वेळेत न दिसण्याचा. अशा गाड्या बुटक्या आणि अरुंद असतात, त्यांचे मागचे दिवे छोटे असतात आणि अर्धशतकाच्या वापराने वायरिंग थकलेले असते. त्यात भोवतालच्या नव्या वाहनांचे दिवे कितीतरी प्रखर झाले आहेत.

यावर अनेक जण लगेच अधिक वॅटचा बल्ब बसवतात. परंतु बहुतेक वेळा दोष बल्बमध्ये नसून बल्बपर्यंत वीज पोहोचण्याच्या वाटेत असतो. ही वाट आधी नीट केली, तर कमी खर्चात आणि गाडीचे मूळ रूप न बिघडवता दिवे उजळ होऊ शकतात.

ब्रिटनमधील ‘एमजीबी’ ही दोन आसनी गाडी याचे उत्तम उदाहरण ठरते. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मालिकेतील पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिची उंची जेमतेम सव्वा मीटर. तिची विद्युत यंत्रणा बर्मिंगहॅमच्या ‘लुकास’ कंपनीची होती. या यंत्रणेची थट्टा करताना इंग्रज वाहनप्रेमी लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. थट्टेत अतिशयोक्ती असली, तरी मंद दिव्यांमागची कारणे खरी आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत.

वीज वाटेतच हरवते

या गाडीत हेडलाइटची वीज आधी डॅशबोर्डवरील स्विचकडे जाते. तेथून ती डिपरच्या स्विचमधून फिरून पुन्हा गाडीच्या पुढच्या टोकाला येते. दोन्ही दिव्यांचा सुमारे ९ ते १० अँपिअर प्रवाह या नाजूक स्विचांमधून वाहतो. मध्ये रिले नाही आणि हेडलाइटच्या वायरिंगला फ्यूजही नाही. वाटेतील वायर एकमेकींना पितळी टोके आणि रबरी आवरणाच्या नळ्या यांनी जोडलेल्या असतात. काळाच्या ओघात या जोडांवर गंजाचा थर चढतो आणि प्रत्येक जोड थोडे थोडे व्होल्टेज खातो.

ही घट किरकोळ वाटली, तरी तिचा परिणाम किरकोळ नसतो. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही. तो साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घातानुसार बदलतो. त्यामुळे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. घट २० टक्क्यांवर गेली, तर निम्म्याहून अधिक प्रकाश नाहीसा होतो. बल्ब नवा असला तरी उजेड पिवळसर आणि मरगळलेला का दिसतो, याचे उत्तर येथे मिळते.

ही घट साध्या मल्टीमीटरने मोजता येते. इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावावेत. आधी बॅटरीच्या दोन टोकांमधील आणि मग थेट दिव्याच्या होल्डरवरील व्होल्टेज पाहावे. दोहोंतील फरक म्हणजे वाटेत हरवलेली वीज. त्यानंतर दिव्याची अर्थची वायर आणि बॅटरीचे अर्थचे टोक यांच्यामधील व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ नसेल, तर दोष अर्थच्या जोडात आहे.

जुन्या गाड्यांत अर्थचा जोड हा नेहमीचा गुन्हेगार असतो. ब्रेक दाबताच इंडिकेटर मंद होणे, किंवा इंडिकेटर लावल्यावर शेजारचा टेल लाइट लुकलुकणे, ही त्याची ठळक लक्षणे होत. वीज परतीची वाट न मिळाल्याने दुसऱ्या बल्बमधून मार्ग काढते. दिव्याच्या मागील पत्र्यावरील रंग आणि गंज घासून काढणे, जोड स्वच्छ करणे आणि गरज पडल्यास अर्थची स्वतंत्र वायर टाकणे, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रिलेचे काम

दुसरा उपाय रिलेचा. रिले म्हणजे अल्प प्रवाहाने चालणारा विद्युतचुंबकीय स्विच. तो बसवल्यावर डॅशबोर्डवरील मूळ स्विचला केवळ रिले चालू करण्याइतका प्रवाह वाहावा लागतो. हेडलाइटचा जड प्रवाह मात्र बॅटरीकडून फ्यूजमार्गे, जाड आणि आखूड वायरने थेट दिव्यापर्यंत जातो. डिपर आणि अपर यांसाठी स्वतंत्र रिले व स्वतंत्र फ्यूज ठेवल्यास एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. मूळ स्विचांचे आयुष्य वाढते, ते तापत नाहीत आणि आगीचा धोकाही कमी होतो. ही जोडणी बोनेटखाली दडून राहते. पुढे कधी गाडी मूळ स्थितीत न्यायची झाल्यास ती काढूनही टाकता येते.

यानंतर दिव्याचा विचार करावा. त्या काळच्या अनेक गाड्यांत ‘सील्ड बीम’ असे. त्यात काच, परावर्तक आणि तंतू एकाच बंद डब्यात असतात. आतील परावर्तक काळवंडला, तर तो पुसता येत नाही. पूर्ण दिवाच बदलावा लागतो. त्याऐवजी एच-४ बल्बचा दिवा बसवता येतो. त्याच्या प्रमाणित बल्बची क्षमता ६०/५५ वॅट असते आणि १३.२ व्होल्टला तो अपरवर सुमारे १,६५० व डिपरवर सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश देतो.

भारतातील मालकांना हा भाग शोधत फिरावे लागत नाही. एमजीबीचा ७ इंची गोल दिवा हे एकेकाळचे सार्वत्रिक माप होते. ॲम्बेसेडर, जीप आणि बुलेट यांच्यावरही ते दिसे. दिवा घेताना एक गोष्ट मात्र पाहावी. उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या दिव्याचा डिपर उजवीकडे अधिक प्रकाश टाकतो. भारतात तो थेट समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

अधिक वॅटचा मोह

शंभर वॅटचे बल्ब लावण्याचा मोह येथे आवरावा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये अल्टरनेटर नव्हता. तिचा डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर वीज देई आणि इंजिन संथ चालत असताना तर जवळजवळ काहीच देत नसे. शंभर वॅटचे दोन बल्ब एकटेच १६ ते १७ अँपिअर ओढतात. त्यात वायपर, इग्निशन आणि मागचे दिवे यांची भर पडली, की बॅटरी उतरू लागते, व्होल्टेज घटते आणि प्रकाश पुन्हा कमी होतो.

हेडलाइटमध्ये बल्बच्या जागी एलईडी बसवणेही बहुधा योग्य ठरत नाही. परावर्तकाची वक्रता तंतूच्या नेमक्या जागेसाठी आखलेली असते. प्रकाशाचा उगम किंचित सरकला, तरी झोत विस्कटतो. समोरच्याला तो दिपवतो आणि चालकाला मात्र दूरचे नीट दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ व्या नियमानुसार, दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती दिपता कामा नये. त्यामुळे दिवा बदलल्यावर झोत जुळवणे आवश्यक ठरते. सपाट जागेवर १० मीटर दूरच्या भिंतीवर डिपरच्या प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी.

मागे एलईडी उपयोगी

मागच्या दिव्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे रस्ता उजळायचा नसून केवळ दिसायचे असते. जुना २१/५ वॅटचा बल्ब ब्रेक दाबल्यावर पूर्ण तेजाने पेटण्यास सुमारे ०.२ सेकंद घेतो. एलईडी जवळपास तत्क्षणी पेटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे मागचे वाहन ०.२ सेकंदात साडेपाच मीटर अंतर कापते. धडक होणे आणि टळणे यांत कधी कधी एवढेच अंतर असते.

एलईडी निवडताना रंग काचेच्या रंगाचाच घ्यावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल छटा कमी असते, म्हणून लाल काचेमागे तो फिका दिसतो. इंडिकेटरचा जुना फ्लॅशर बल्बच्या प्रवाहाने तापून चालतो. एलईडी फार कमी वीज घेत असल्याने तो लुकलुकतच नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागतो. शिवाय १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ते उलट असते. अशा गाडीत सर्वसाधारण एलईडी किंवा फ्लॅशर चालणार नाही. खरेदीपूर्वी हे तपासणे अगत्याचे आहे.

तिसरा, उंचावरील ब्रेक लाइट ही उपयुक्त जोड आहे. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. तेथील महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये केलेल्या मूल्यमापनात, त्यामुळे मागून होणाऱ्या धडका दीर्घकाळात ४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. एमजीबीसारख्या बुटक्या गाडीत डिकीच्या सामान-कठड्यावर छिद्र न पाडता एलईडीची पट्टी बांधता येते.

मूळ रूप आणि नियम

गाडीचे मूळ रूप बिघडेल, अशी अनेक संग्राहकांना भीती वाटते. केंद्र सरकारच्या २०२१ मधील नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांतील बदल हा मोठा फेरफार मानला जातो. स्वच्छ केलेला जोड किंवा बोनेटखालचा रिले यांची गणना त्यात नाही. अशी गाडी नियमित वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मात्र रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी ती बाहेर काढता येते. रॅलीहून परतताना अंधार पडतोच. महामार्गावरचा ट्रकचालक त्या वेळी गाडीचे वय पाहत नाही. त्याला पुढे लाल दिवा दिसतो किंवा दिसत नाही.

म्हणून कामाचा क्रम आधी मोजमाप, मग जोड व अर्थ, त्यानंतर रिले, शेवटी बल्ब असाच असावा. पहिल्या दोन पायऱ्यांना मल्टीमीटर, सँडपेपर आणि एक मोकळी दुपार एवढेच लागते. अनेक गाड्यांचे हरवलेले तेज तेवढ्यानेच परत मिळते.